पडदा कुणाच्या हातात : पुण्यातील स्वतंत्र चित्रपटाची पार्श्वभूमी

मोठ्या निर्मितीसंस्थेच्या पाठबळाविना पुण्यात चित्रपट पूर्ण करणाऱ्या दिग्दर्शकाची खरी विवंचना बहुधा संकलन संपल्यावर सुरू होते, कारण तो कुठे आणि कोणाला दाखवायचा हे तेव्हा ठरलेले नसते. याच शहरात एके काळी मात्र चित्रपट काढणे आणि दाखवणे ही कामे एकाच कंपनीच्या आवाक्यात होती. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली आणि पुढच्याच वर्षी अप्पा बळवंत चौकाजवळ प्रभात टॉकीज सुरू झाली. कलावंत आणि तंत्रज्ञ पगारी होते, स्टुडिओ स्वतःचा होता आणि तयार बोलपटाला गावातच हक्काचा पडदा होता. १९५० च्या दशकात कंपनी बंद पडली आणि ही साखळी तुटली. पत्त्यांत रोज लिहिला जाणारा प्रभात रोड तेवढा उरला.

स्टुडिओची जागा रिकामी राहिली नाही. १९६० मध्ये तेथे केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पुण्याच्या दृष्टीने या दुसऱ्या घटनेचे महत्त्व अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडणारे बरेच जण मुंबईची वाट धरत; पण संग्रहालयाचे पी. के. नायर आणि इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे प्रा. सतीश बहादूर यांनी ज्यांना चित्रपट पाहायला शिकवले, ते शिक्षक, विद्यार्थी आणि नोकरदार आपापल्या गावी परतून फिल्म सोसायट्यांचे, म्हणजे वर्गणी काढून निवडक चित्रपट पाहणाऱ्या मंडळांचे, सभासद झाले. अशा सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ १९५९ मध्येच स्थापन झाला होता. हा प्रेक्षक जाणता होता, पण तो वर्गणी भरणारा सभासद होता, तिकीट काढणारा गिऱ्हाईक नव्हे, आणि दिग्दर्शकाचा खर्च त्यातून निघत नसे.

दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांची वाट याहून निराळी होती. त्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या नव्हत्या; समाजकार्याच्या क्षेत्रात काम करता करता, वस्तीत राहणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासातून त्या १९८५ मध्ये ‘बाई’ या लघुपटाकडे वळल्या. येथे प्रेक्षक कोण, हे चित्रीकरणाआधीच ठाऊक होते. पुढे सुनील सुकथनकर यांच्या साथीने त्यांनी ‘दोघी’पासून ‘कासव’पर्यंत जे पूर्ण लांबीचे चित्रपट केले, त्यांना तो आधार उरला नाही आणि इतर निर्मात्यांप्रमाणे चित्रपटगृहांचे दार त्यांनाही ठोठवावे लागले.

त्या दारापर्यंत जाणेच तेव्हा महाग होते. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट या वेगाने धावते, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाची एक प्रिंट सुमारे अकरा हजार फुटांची होते. रिळे पत्र्याच्या डब्यांत भरून ते जड ओझे गाडीने पाठवायचे, आणि दहा गावांत एकाच दिवशी चित्रपट लावायचा तर दहा प्रिंटा काढायच्या, हे ज्याला परवडत नसे तो एकच प्रिंट गावोगाव फिरवी. तिसऱ्या-चौथ्या गावापर्यंत तिच्यावर ओरखडे उठलेले असत.

डिजिटल प्रक्षेपणाने हा खर्च उतरवला. आता चित्रपट हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहामार्फत पोचतो आणि ठरलेल्या पडद्यावर, ठरलेल्या मुदतीपुरताच, सांकेतिक चावीने उघडतो. प्रिंटची अडचण गेली, खेळाची राहिली. किंबहुना चित्रपट करणे स्वस्त झाल्यामुळे पडद्यासाठी रांग वाढली. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळात खेळ मिळावेत, असे सांगण्याची वेळ २०१५ मध्ये राज्य सरकारवर आली. महोत्सवांनी थोडी जागा करून दिली, त्यांत २००२ पासून भरणारा पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही आला; मात्र तेथे मिळतात ते एखाददुसरे खेळ.

भावे-सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ला २०१३ च्या वर्षासाठीचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले होते, तरी चित्रपटगृहांत तो लागायला २०१६ साल उजाडले. ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाले, तिकीट काढून तो पाहण्यासाठी पुणेकरांना ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले.