चाइल्ड सीट : कोकणच्या प्रवासासाठी निवड व वापर

चाइल्ड सीट : मोटारीच्या आसनावर घट्ट बसवायची आणि मुलाला स्वतःच्या पट्ट्यांत धरून ठेवणारी लहान खुर्ची. बोलण्यात तिला बेबी सीट किंवा कार सीटही म्हणतात. जन्मापासून ते मोटारीतला मोठ्यांचा पट्टा अंगाला नीट बसेपर्यंत, म्हणजे उंची साधारण 135 ते 150 सेंमी. होईपर्यंत, मुलाला ती कोणत्या ना कोणत्या रूपात लागते.

गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईकर चाकरमानी सहकुटुंब गावी निघतात. सावंतवाडीपर्यंत जायचे तर सुमारे 500 किमी.चा रस्ता, आणि गाडीत सामानासह घरचे सगळे. अशा वेळी खुर्ची डिकीत जाते किंवा घरीच राहते आणि तिची जागा मांडी घेते. ‘दी माझ्याकडे, मी धरतंय तेका,’ म्हणणाऱ्या आजीच्या मायेबद्दल शंका नाही. हिशेब मात्र वेगळाच निघतो. ताशी 50 किमी. वेगाची गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर 10 किलोच्या बाळाला जागेवर धरून ठेवायला सुमारे 200 किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो, तोही सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात. एवढा जोर कोणाच्याच हातांत नसतो. मांडीवर घेणाऱ्याने स्वतः पट्टा लावला नसेल तर त्याचेच वजन बाळाला चिरडते. एकाच पट्ट्यात दोघांना गुंडाळणे हा उपाय तर त्याहून घातक. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाच्या अभ्यासानुसार योग्य खुर्चीमुळे मोटारीतील तान्ह्या बाळांच्या मृत्यूचा धोका 71 टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा 54 टक्क्यांनी घटतो.

निवड करताना पहिला विचार तोंडाच्या दिशेचा करावा. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. पुढे तोंड करून बसवलेल्या बाळाचे धड समोरच्या धडकेत पट्ट्यांनी अडते, पण जड डोके पुढे झेपावते आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोके, मान आणि पाठ खुर्चीच्या पाठीत एकत्र रुततात व धक्का पसरतो. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी 1964 मध्ये अशा खुर्चीचा पहिला नमुना तपासला; पाठीवर टेकून धक्का सोसणाऱ्या अंतराळवीरांच्या आसनावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. युरोपातील आर129 या नियमाप्रमाणे किमान 15 महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचे आहे. जाणकार मात्र खुर्चीची मर्यादा संपेपर्यंत, शक्य तर चौथ्या वर्षापर्यंत, दिशा बदलू नये असे सांगतात. ‘पाय दुमडतात, पोर अवघडतं’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. मुले मांडी घालून खुशाल बसतात, आणि मोडलेला पाय जुळतो तशी मान जुळत नाही.

मागे तोंड असलेली खुर्ची पुढच्या आसनावर, चालू एअरबॅगसमोर, कधीही ठेवू नये. फुगणारी बॅग थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

खुर्चीवर मानकाची खूण हवी. आर44 या जुन्या नियमात गट वजनावर पडतात : 13 किलोपर्यंत, 9 ते 18, 15 ते 25, 22 ते 36. आर129 उंचीवर चालतो आणि त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी असते, म्हणून तो निवडावा. भारतीय मानक एआयएस-072 हे आर44च्या धर्तीवर आहे. फिती, बकल आणि गादी देखणी असूनही कोणत्याच मानकाचा उल्लेख नसलेल्या वस्तू ऑनलाइन मिळतात. त्या खुर्च्या नव्हेत, उशा आहेत.

एका गाडीत चपखल बसणारी खुर्ची दुसऱ्या गाडीत डुगडुगते, त्यामुळे आपल्याच गाडीत बसवून पाहिल्याशिवाय ती पक्की करू नये. मागच्या आसनाच्या सांध्यात आयसोफिक्सच्या, म्हणजे खुर्ची पट्ट्याविना थेट गाडीला अडकवण्याच्या, दोन लोखंडी कड्या, मध्ये 280 मिमी. अंतर ठेवून, दिलेल्या असतील तर काम सोपे होते. नसतील तर गाडीच्या पट्ट्याने खुर्ची आवळावी लागते, आणि मागे तोंड केलेल्या काही खुर्च्यांना लहान गाड्यांचा पट्टा पुरत नाही. बसवल्यावर पट्टा जातो त्या ठिकाणी धरून हलवावी, अडीच सेंमी.हून अधिक सरकली तर पुन्हा आवळावी. खांद्यावरची पट्टी चिमटीत धरता आली तर ती सैल आहे. मागे तोंड असताना पट्ट्या खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून, पुढे तोंड असताना पातळीवर किंवा किंचित वरून याव्यात. घाटातल्या पावसात बाळाला रेनकोट किंवा जाड स्वेटर घालून वर पट्टा लावतात, हे चूक : धडकेत कपडा दबतो आणि पट्टा ढिला पडतो. आधी पट्टा, मग वरून शाल. गावाकडच्या जुन्या जीपमध्ये मागे समोरासमोर आडवी बाके असतात. त्यांवर कोणतीही चाइल्ड सीट चालत नाही.

कोकणच्या हवेचा विचार माहितीपत्रकांत सापडत नाही, तो खरेदी करणाऱ्यानेच करायचा. घाटाच्या वळणांवर पोरे ओकतात आणि आषाढात धुतलेले कव्हर चार दिवस वाळत नाही. कव्हर सहज निघणारे असावे आणि जोडीला दुसरे मिळते का तेही विचारावे. पट्ट्या मात्र साबणात भिजवू नयेत, ओल्या फडक्याने पुसाव्यात, नाहीतर धागा कमजोर होतो. किनाऱ्यावरून परतताना वाळू बकलमध्ये शिरते आणि त्याचा ‘टक्’ असा आवाज येईनासा होतो. अशा वेळी तेल न घालता पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बकल साफ करावे. वैशाखात उन्हात उभ्या गाडीतले बकल कोवळ्या कातडीला चटका देते, म्हणून त्यावर पांढरे फडके टाकून ठेवावे. बाळाला बंद गाडीत क्षणभरही एकटे ठेवू नये; आतले तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढते.

पाळणा, झबली, दुपटी एका घरातून दुसऱ्या घरात जातात. ही चांगली रीत खुर्चीला लावताना हात आखडता घ्यावा. अपघातातून गेलेली किंवा मुदत उलटलेली खुर्ची बाहेरून धडधाकट दिसली तरी निकामी असू शकते. तिचा सगळा इतिहास सांगणारा सख्खा माणूस असेल तरच ती घ्यावी.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 194ब नुसार 14 वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट न लावता गाडी चालवल्यास 1,000 रुपये दंड आहे. 2023 पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या, गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या, चाचणीत मुलांच्या सुरक्षेला वेगळे गुण मिळतात. नवी गाडी घेणाऱ्याने एकूण ताऱ्यांबरोबर तेही पाहावेत. दुचाकीवर चाइल्ड सीट नसते. तिथे चार वर्षांखालील मुलासाठी 2022 च्या नियमाने चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी कमाल 40 किमी. वेग ठरवून दिला आहे.

नवजात बाळ खुर्चीत फार वेळ ठेवू नये, मान पुढे पडून श्वास कोंडू शकतो. मोठ्या बाळालाही दर दोन तासांनी बाहेर काढून पाठ मोकळी करू द्यावी. माणगाव, महाड, चिपळूण, संगमेश्वर हे चहाचे थांबे त्यासाठी सोयीचे आहेत. बाळ रडले तर धावत्या गाडीत पट्टा सोडायचा नाही, गाडी कडेला घ्यायची. गावात पोचल्यावर ‘देवळापर्यंतच तर जायचंय’ म्हणून खुर्ची उतरवून ओटीवर ठेवली जाते. आंधळी वळणे आणि समोरून येणारी एसटी त्या दोन किलोमीटरांतही असतात.