तीन वर्षांनंतर मेंदूचं दार बंद होतं?

“मूल तीन वर्षांचं झालं की मेंदूची घडण संपली, पुढे नुसती उजळणी.” पालकांच्या गप्पांत आणि खेळण्यांच्या जाहिरातींत हे वर्षानुवर्षं फिरतंय. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

तिसऱ्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढाच्या सुमारे ८० टक्के होतो, हे खरं. पण आकार म्हणजे क्षमता नव्हे. दृष्टीसारख्या काही गोष्टींना ठरावीक काळ असतो. जन्मजात मोतीबिंदू म्हणूनच लवकर काढतात. शब्दसंग्रह, वाचन किंवा नव्या कौशल्याला अशी मुदत नाही. नियोजन आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशी ओलांडल्यावरही घडत असतो. लंडनचे टॅक्सीचालक हजारो रस्ते पाठ करतात. मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर यांच्या २००० सालच्या अभ्यासात या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या स्मरण आणि दिशाज्ञान सांभाळणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा आढळला. ही काही रांगती बाळं नव्हती!

गैरसमज निरुपद्रवी असता तर सोडून दिला असता. पण नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात तो शिरला, की बालकांचा खर्च आणि प्रौढांचे वर्ग यांत उगाच भांडण लागतं. खरं तर सकाळी चिमुकल्यांचा गोष्टींचा तास आणि संध्याकाळी मोठ्यांचा साक्षरता वर्ग एकाच वाचनालयात बसतो, खुर्च्या तेवढ्या बदलायच्या. शिवाय संध्याकाळी वाचायला शिकलेली आजीच सकाळी नातवाला पुस्तक वाचून दाखवू शकते. युनेस्कोचं ‘शिकणाऱ्या शहरांचं’ जाळंही बालपणापासून म्हातारपणापर्यंतचं शिक्षण एकत्रच धरतं.