चिरा आणि त्याच्या खालची माती

सिव्हिलच्या मुलांना भूशास्त्र शिकवायला उभा राहिलो की ग्रॅनाइट, बेसाल्ट, शेल ही पाठ्यपुस्तकातली मंडळी आधी येतात. गोव्यात घराचा पाया खणायला घेतला की मात्र यांतलं सहसा कोणी भेटत नाही. भेटतो तो चिरा, म्हणजे जांभा, आणि त्याच्या पोटाखाली पांढरट-गुलाबी, कुठे पिवळी, कुठे जांभळट माती. तिचं शास्त्रीय नाव लिथोमार्ज. मंगळूरकडे तिला शेडी म्हणतात. साइटवर दोघांचीही नोंद सरसकट ‘लॅटराइट’ अशी होते, आणि मुलंही तेच शिकून येतात.

चूक समजण्यासारखी आहे, कारण दोघंही एकाच खडकाची लेकरं. खाली फायलाइट (पातळ पापुद्र्यांचा, रूपांतरित चिखलाचा खडक) किंवा ग्रेवॅक (एक प्रकारचा वालुकाश्म) असतो, वर वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस. पाणी झिरपत झिरपत खडकातली सिलिका आणि क्षार धुऊन नेतं. वरच्या थरात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं साठतात, त्यांनीच सगळं एकमेकांना जखडून ठेवलं की तो चिरा. खालच्या थरात फेल्डस्पारसारख्या खनिजांची केओलिन, म्हणजे पांढरी चिकणमाती होते, पण जखडून ठेवणारं लोखंड पुरेसं नसतं. ती शेडी. मधली सीमारेषा सरळ नसते. वीतभर अंतरात चिऱ्याची जीभ मातीत घुसलेली दिसते.

खरा फरक पाण्याशी वागण्यात आहे. फ्रान्सिस बुकॅनननं १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात मलबारातल्या या दगडाला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिलं. खाणीत असताना हत्यारानं सहज कापला जातो आणि हवा लागली की विटेसारखा कडक होतो, हे त्यानं नेमकं टिपलं होतं. आपल्या चिरेखाणीतल्या कामगाराला हे कोणी सांगायला नको. वाळताना लोखंडाच्या संयुगांतलं पाणी जातं, त्यांचे स्फटिक जुळतात, आणि मग चिरा पुन्हा भिजला तरी मऊ पडत नाही. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चचा गिलावा काढला, तेव्हापासून त्याचे चिरे उघड्यावर पाऊस खात आहेत. झिजतात, पण विरघळत नाहीत.

शेडीचं नेमकं उलट. उन्हाळ्यात डोंगर उभा कापला, म्हणजे कटिंग केलं, तर ती भिंतीसारखी उभी राहते, नखानं ओरखडा उठतो एवढंच. बोटांत चुरली तर पावडरीसारखी गुळगुळीत लागते. हीच माती जूनमध्ये पाहावी.

वर्गात मी दोन पेले ठेवतो. एकात चिऱ्याचा तुकडा, दुसऱ्यात शेडीचं वाळलेलं ढेकूळ. चिऱ्याच्या भोकांतून बुडबुडे येतात आणि संपतात. ढेकळाच्या कडा दोनेक मिनिटांत सुटू लागतात, मग एक बाजू अलगद खाली बसते, आणि हजेरी घेऊन होईपर्यंत पेल्याच्या तळाशी गुलाबी साय. मागच्या बाकावरून एकानं विचारलं होतं, “सर, हो फातर काय माती?” म्हणजे हा दगड की माती? प्रश्न बरोबर होता, कारण ढेकळावर फायलाइटच्या रेघा अजून दिसत होत्या. हीसुद्धा ओळखण्याची खूण: शेडीत मूळ खडकाची घडण बऱ्याचदा शाबूत असते, चिऱ्यात ती मोडून वारुळासारख्या नळ्या झालेल्या असतात. त्या रेघांना निव्वळ नक्षी समजू नये. त्यांचा उतार रस्त्याकडे असेल तर दरड त्याच पातळ्यांवरून घसरते.

रंगावर मुळीच जाऊ नका. वरून वाहून आलेल्या लाल पाण्यानं शेडीही चिऱ्यासारखी लाल दिसते. हातोडा मारून पाहणं बरं: चिरा आवाज देतो, शेडी थप्प करते.

चिरा भोकांचा, त्यातून पाणी सरळ खाली जातं. शेडीत ते सहज मुरत नाही. म्हणून दोघांच्या सीमेवर पाणी साठतं आणि डोंगराच्या कडेनं बाहेर पडतं. सड्यांच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारांच्या पायथ्याशी ज्या झरी आहेत, त्या बहुतेक अशाच. आंघोळीला छान, पण इंजिनिअरच्या दृष्टीनं ती धोक्याची जागा: कटिंगचा पायथा तिथे आला की शेडी भिजते, वरचा चिरा अधांतरी होतो आणि फटींवरून तुटून खाली येतो. मग लोक म्हणतात, दगड कोसळला. दगड बिचारा शेवटी कोसळला, आधी माती गेली. अशा भिंतीमागे निचरा नसेल तर भिंत कितीही जाड केली तरी उपयोग नाही.

कोकण रेल्वेचं उदाहरण मुलांना पटकन पटतं. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, कठीण बेसाल्टमधला. पेडण्याचा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण भिजलेल्या मऊ मातीतला. रेल्वेला जास्त रडवलं ते पेडण्यानं. १९९८ साली सगळा मार्ग सुरू होईपर्यंत हेच काम अडून होतं. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये या बोगद्याची भिंत ढासळली, आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरून गाड्या थांबल्या.

मुलांच्या डोक्यात मात्र एक गोष्ट घट्ट बसलेली असते: जितकं खोल तितकं कठीण. इतर बऱ्याच ठिकाणी ते खरंही आहे. इथे वर टणक कवच, मध्ये लोणी, आणि बऱ्याच खाली ताजा खडक. बोअर घेणाऱ्यानं चिऱ्याला टेकल्यावर ‘हार्ड स्ट्राटा’ लिहून काम थांबवलं, तर त्या कवचाची जाडी कोणालाच कळत नाही. मागे एका बांधकामावर मी तेच पाहिलं. कवच जेमतेम हातभर निघालं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात एक कोपरा खचला.

म्हणून परीक्षेत मी एसपीटीचा, म्हणजे नळी जमिनीत ३० सेंटिमीटर ठोकायला किती ठोके लागले याचा, असा लॉग देतो: दीड मीटरवर ५० च्या वर, तीन मीटरवर १४, साडेचारवर ९, सहावर ११, बारा मीटरवर पुन्हा ५० च्या वर. थर ओळखा, पाया कुठे घ्याल ते सांगा. गेल्या वर्षी एकानं उत्तरपत्रिकेत आधी ‘छपाईची चूक असावी’ असं लिहून सगळे आकडे चढत्या क्रमानं लावून घेतले होते, आणि मग पाया अगदी बिनचूक काढला होता.