रुतावा, पण सुटावाही

फुटबॉलच्या मैदानात कडेकडेने पूर्ण वेगात धावणारा खेळाडू, म्हणजे विंगर, एका पायावर गर्रकन वळतो आणि त्याच्या बुटाखालून मातीसकट गवताचं ढेकूळ उडतं. मैदान राखणारा माळी हळहळतो. मला मात्र ते ढेकूळ पाहिलं की हायसं वाटतं. त्या क्षणी काहीतरी तुटणारच होतं. गवतावर निभावलं, गुडघा वाचला.

बुटाच्या तळाचे खुंट, म्हणजे स्टड, जमिनीत रुततात आणि पाय घसरू देत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. वळताना त्यांनी जमीन सोडायलाही हवी, हे बूट विकत घेताना फारसं कुणी बघत नाही.

आधी रुतण्याची गोष्ट. ४ जुलै १९५४, स्वित्झर्लंडमधलं बर्न. फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, पश्चिम जर्मनी विरुद्ध हंगेरी. याच हंगेरीने गटातल्या सामन्यात जर्मनीचा ८-३ असा धुव्वा उडवला होता. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस लागला. आदिदास कंपनी काढणाऱ्या आडी डासलर यांनी जर्मन संघाच्या बुटांना आट्यांचे स्टड दिले होते. आखूड पिळून काढायचे, लांब बसवायचे. चिखलाचा वरचा थर लोण्यासारखा, त्यात आखूड स्टड नुसताच सरकतो. लांब स्टड तो थर भेदून खालच्या घट्ट मातीत पोचतो आणि पायाने रेटलं की ती माती उलट रेटा देते. ०-२ ने मागे पडलेली जर्मनी ३-२ ने जिंकली. सगळं श्रेय बुटांना देणं खेळाडूंवर अन्याय होईल, पण त्या चिखलात पाय ठरत होते ही लहान गोष्ट नव्हे.

आता वळणं. पाऊल जमिनीत रोवलेलं आहे आणि धड फिरतंय. पाऊल जागचं सुटलं नाही तर पीळ वर चढतो: घोट्यातून नडगीत, नडगीतून गुडघ्यात. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना तिरकं बांधणारं एक लिगामेंट असतं, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात. नडगी पुढे सरकू नये, भलतीच पिळली जाऊ नये, याची राखण ते करतं. ते तुटलं की बहुतेकदा शस्त्रक्रिया, आणि पुढचे कितीतरी महिने मैदान बंद. वाईट वाटतं ते याचं, की कित्येकदा समोरच्याचा धक्काही लागलेला नसतो. खेळाडू एकटाच वळत असतो, थांबत असतो, उडी मारून उतरत असतो.

१९७० च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या शाळांमध्ये डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी हे तपासलं. खेळ अमेरिकन फुटबॉलचा. मुलांच्या बुटांना पाऊण इंची सात स्टड असत. त्याऐवजी आपल्या फुटबॉलच्या धर्तीचे, निम्म्या लांबीचे चौदा स्टड असलेले बूट दिले, तेव्हा गुडघ्याच्या दुखापती ठळकपणे कमी झाल्या. पकड तळभर वाटली गेली आणि रुतण्याची खोली घटली.

मुंबई-पुण्यात आता जागोजागी कृत्रिम गवताची टर्फ झाली आहेत. तिथलं गवत प्लॅस्टिकचं, मधे रबराचे काळे दाणे. हे गवत उपटत नाही, म्हणजे ढेकूळ उडण्याची सोयच नाही. गेल्या पावसाळ्यात अशाच एका टर्फवर बारा-तेरा वर्षांचा मुलगा थोरल्या भावाचे बूट घालून आला. पुढे कापूस कोंबलेला, तळाला मातीच्या मैदानासाठीचे पात्यासारखे चपटे स्टड. मी त्याला बूट काढून टर्फवर दाबायला आणि हाताने फिरवायला सांगितलं. फिरेना. मग मित्राचा बारीक रबरी गुंड्यांचा बूट तसाच फिरवायला दिला. तो कुरकुरत का होईना, फिरला. पुढचं काही सांगावं लागलं नाही.

तसं भारतात बूट उशिराच रुळला. २९ जुलै १९११ ला कोलकात्याच्या मोहन बागान क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश फौजेच्या संघाला २-१ ने हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली, तेव्हा अकरापैकी दहा जण अनवाणी होते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकलाही आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले. उघड्या पावलाला चेंडू फार छान कळतो, पण ओल्या मैदानात रुतवायला त्याच्याकडे काही नसतं. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने हरवलं आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चारच वर्षांनी मेलबर्नला, मूळचे गोव्याचे नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले आणि भारत चौथा आला.

राहिली नडगी. बोट लावून पाहा, पुढच्या बाजूला कातडीखाली थेट हाड लागतं. मधे मांसाची गादी नाही, आणि हाडावरच्या पातळ आवरणात वेदना पोचवणाऱ्या नसांची दाटी. १८७४ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबच्या सॅम विडोसन यांनी क्रिकेटचे पॅड कापून मोज्यांवरून बांधले. नडगीवर बांधायचा आजचा शिनगार्डही तेच काम करतो: कडक कवच एका स्टडचा मार मोठ्या जागेवर पसरवतं, आणि आतला फोम दबता दबता धक्का किंचित लांबवतो. अलीकडे मात्र काडेपेटीएवढे शिनगार्ड मोज्यात सरकवायची टूम आली आहे. पसरायला जागाच नसेल तर मार पसरणार कुठे? फुटबॉलच्या २०२४-२५ च्या नियमावलीने शिनगार्डच्या आकाराची जबाबदारी खेळाडूवरच टाकली. मोठ्यांचं ठीक आहे. चौदा वर्षांच्या पोरांवर ती टाकणं मला पटत नाही. तिथे प्रशिक्षकांनी मोजे खाली करून बघावं.

मुलींकडे तर बूट बनवणाऱ्यांनी फार उशिरा पाहिलं. एसीएल तुटण्याचं प्रमाण त्यांच्यात मुलांपेक्षा जास्त. त्याची कारणं अनेक आहेत, पण बाजारातले बहुतेक बूट आजही पुरुषांच्या पायाच्या साच्यावर बेतलेले असतात. मुलींची टाच तुलनेने अरुंद, म्हणून ती बुटात उचलली जाते. मग दोन-दोन मोजे चढवायचे, नाडी करकचून आवळायची. तरीही वळताना पाय बुटाच्या आत सरकतो, आणि बूट मात्र जमिनीत रुतलेला राहतो.