नोंदींचा सर्व्हर कार्यालयात ठेवावा की सेवा भाड्याने घ्यावी?

आमच्या ग्राहक संस्था व दुकानदार यांच्यासाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार,

सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब आणि पावत्या संगणकावर ठेवू इच्छिणाऱ्या पतसंस्था, वाचनालये, महिला मंडळे आणि दुकानदार बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून आमच्याकडे येतात. सर्व्हर, म्हणजे नोंदी साठवून ठेवणारा सतत चालू असलेला संगणक, एकदाच विकत घेऊन आपल्या खोलीत ठेवावा, की दरमहा पैसे भरून तयार सेवा वापरावी, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. आमचे मत आधीच सांगतो. ज्या संस्थेत संगणकाची देखभाल हे एखाद्या पगारी माणसाचे ठरलेले काम नाही, तिने सर्व्हर स्वतःकडे ठेवू नये. मात्र सेवा कोणाचीही घेतली तरी आपले डोमेन नाव (इंटरनेटवरचे संस्थेचे नाव, ज्यावर संकेतस्थळ व ईमेल चालतात) आणि नोंदींची पूर्ण प्रत या दोन गोष्टी दुसऱ्याच्या ताब्यात राहू देऊ नयेत.

स्वतःच्या सर्व्हरचा खरा खर्च खरेदीच्या बिलात दिसत नाही. सर्व्हर चालवणारी उबंटूसारखी प्रणाली विनामूल्य मिळते, परंतु तिच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीलाही नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या पाचच वर्षे मिळतात. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या आवृत्तीची ही मुदत मे २०२५ मध्ये संपली. साध्या ब्रॉडबँडवर बहुधा इंटरनेटवरचा एकच पत्ता (आयपी) अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून आपल्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्यासाठी स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता, वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो, आणि इतके करूनही अशा जोडणीवरून पाठवलेल्या ईमेल पावत्या पुष्कळदा स्पॅममध्ये पडतात.

त्यात आपल्याकडचा वळीव. एप्रिल-मे महिन्यांत सायंकाळी ढग भरून आले की दोन-तीन वेळा लाईट जाते आणि येते. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळाभर हीच काळजी असते. नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली तर डेटाबेस बिघडू शकतो, आणि यूपीएसची बॅटरी काही वर्षांत उतरते, हे बहुतेकांना ती उतरल्यावरच कळते.

येथे आमच्याच हातून झालेली एक चूक सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. एका संस्थेच्या सर्व्हरची प्रत रोज रात्री निघत होती आणि फाईलवरची तारीख आम्ही नियमाने पाहत होतो, पण ती फाईल उघडून कधी पाहिली नव्हती. वळवाच्या एका संध्याकाळी डिस्क निकामी झाली, तेव्हा कळले की कित्येक आठवडे तयार होणारी प्रत रिकामी होती. तेथील क्लार्कबाईंनी पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती समोर मांडून एकेक रक्कम पुन्हा भरली. तेव्हापासून आम्ही दर तीन महिन्यांनी प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उतरवून पाहतो, आणि एक प्रत नेहमी वेगळ्या इमारतीत ठेवतो.

भाड्याच्या सेवेत वीज, यंत्र आणि दुरुस्त्या यांची चिंता सेवा देणाऱ्यावर जाते. तेवढ्यावर निर्धास्त मात्र होता येत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे सर्व्हर भाड्याने देणाऱ्या ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांची प्रतही त्याच आवारात होती, अशा काही ग्राहकांच्या नोंदी परत मिळाल्या नाहीत.

म्हणून करार करण्यापूर्वी, सर्व नोंदी आपल्याला हव्या तेव्हा बाहेर काढता येतात का, हे विचारावे, आणि तोंडी उत्तरावर न थांबता पाच-दहा नावांची फाईल काढून पाहावी. आपल्या भागात हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण एकाच यादीत मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांतील नावे असतात. फाईल एक्सेलमध्ये उघडल्यावर अक्षरे विचित्र दिसली, तर बहुधा ती यूटीएफ-८ म्हणून, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे साठवणाऱ्या युनिकोडच्या पद्धतीने, उघडलेली नसते आणि हा दोष सुधारता येतो. पण नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हेच साठवली गेली असतील, तर मूळ नाव त्यातून परत मिळत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधील याद्या आधी युनिकोडमध्ये आणून, नजरेखालून घालून मगच नव्या सेवेत भराव्यात.

डोमेन नाव संस्थेच्याच नावे, संस्थेच्याच ईमेलवर नोंदवावे. संस्थेतील एखादा हौशी तरुण ते स्वतःच्या ईमेलवरून घेतो, पुढे नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळूरला जातो, आणि नूतनीकरणाची सूचना कोणी न उघडणाऱ्या पेटीत पडून राहते. त्या मुलाचा यात काही दोष नसतो. कमिटीने पासवर्डाची नोंद ठरावाच्या कागदांबरोबर कुलपात ठेवायला हवी होती.

नोंदी दुसऱ्याच्या यंत्रावर असल्या म्हणून जबाबदारी त्याच्याकडे जात नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार, माहिती कशासाठी व कशी वापरायची हे जी संस्था ठरवते, तीच तिच्या सुरक्षिततेबद्दल उत्तरदायी असते.

आपण सध्या कोणतीही सेवा वापरत असाल, ती आमची नसली तरी, तिच्यातून काढलेली फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन आमच्या कार्यालयात यावे. ती आम्ही आपल्यासमोर उघडून दाखवू. तिच्यात आपल्या सर्व सभासदांची नावे आणि आजपर्यंतची बाकी नीट दिसत असेल, तर सध्याची सेवा बदलण्याची घाई करू नये.