पाय गरम झाले का?

विंचू चावलेला माणूस बोंबलत आला की मी निम्मी निर्धास्त व्हायचे. रायगड आणि रत्नागिरीच्या सीमेवरच्या एका ग्रामीण रुग्णालयात सिस्टर म्हणून माझी बरीच नोकरी झाली, आणि त्यातल्या कितीतरी उन्हाळी रात्री विंचवांनी खाल्ल्या. ओरडणारा, शिव्या घालणारा, हात झटकत बाकावर टेकूही न शकणारा पेशंट बहुतेकदा सकाळी चहा पिऊन घरी जायचा. धास्ती वाटायची ती गप्प पेशंटची. सदरा घामाने चिंब, तोंडाला लाळ, एक-दोन उलट्या रिक्षातच झालेल्या, आणि "दुखतंय का खूप?" विचारलं तर "तसं जास्त न्हाई" असं उत्तर. केसपेपर निघायच्या आधीच माझा हात त्याच्या पायांकडे जायचा. मे महिन्यात, पंखासुद्धा गरम वारा फेकत असताना, तळपाय फ्रीजमधल्या बाटलीसारखे गार लागले की समजायचं, आजची रात्र मोठी आहे.

आपल्याकडे दोन विंचू लोकांना चांगले ठाऊक असतात. काळी, थोराड, मोठ्या नांग्यांची इंगळी दिसायला भयंकर, पण माणसाच्या जिवावर सहसा उठत नाही. जिवावर उठतो तो लाल विंचू. नांग्या बारीक, शेपटी जाड, रंग जांभ्या दगडात मिसळून जाणारा. शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस. जुन्या पुस्तकांत तो मेसोब्युथस म्हणून भेटतो. गडग्याच्या फटी, लाकडांचा ढीग, भाताचा पेंढा, कौलांखालची वासे-रिपांची जागा, पडवीत काढून ठेवलेली चप्पल, हे सगळं त्याचं घर. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मात्र मादीला अक्षरशः लागू पडते. पिल्लं जन्मली की पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवरच असतात.

आता त्या गार पायांकडे येऊ, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

विंचवाचं विष थेट हृदय कुरतडतं असा समज अजून आहे, आणि एके काळी तो डॉक्टरांचाही होता. प्रत्यक्षात विष जातं ते नसांकडे, म्हणजे मज्जातंतूंकडे. मज्जातंतूतून संदेश जातो तो सोडियमच्या कणांमुळे. पेशीच्या भिंतीतली बारीक दारं क्षणभर उघडतात, सोडियम आत येतो, दारं लगेच मिटतात. विषातली प्रथिनं ही दारं नीट मिटू देत नाहीत. घंटेचं बटण दाबलेलंच अडकून राहावं, तसा तो तंतू वाजतच राहतो. मग शरीराचा आपोआप चालणारा सगळा कारभार एकदम बोलू लागतो. आधी घाम, लाळ, उलट्या. पुरुषांमध्ये लिंग ताठरतं. हे शेवटचं लक्षण घरचे लोक लाजेने लपवतात, पण विष अंगभर भिनल्याची ती अगदी सुरुवातीची खूण असते. पडद्याआड नेऊन मी ते सरळ विचारायचे. पाठोपाठ मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी आणि मज्जातंतूंची टोकं मिळून अ‍ॅड्रेनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन रक्तात ओतू लागतात.

अ‍ॅड्रेनॅलिन आपलंच आहे. कुत्रा मागे लागला की जे आपल्याला पळवतं, तेच. ते हातापायांच्या आणि कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. पाय गार पडतात ते म्हणून. कुत्रा गेला की हा कारभार मिनिटांत आवरतो. विंचवाच्या विषात तो तासन्‌तास चालतो. आणि नळी आवळण्याचं गणित मोठं वाईट आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली की तिच्यातून द्रव ढकलायला होणारा विरोध दुप्पट नाही, 16 पट होतो. शरीरातल्या लाखो बारीक वाहिन्या थोड्याथोड्या जरी आवळल्या तरी हृदयापुढे केवढी भिंत उभी राहत असेल!

महाडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून महाडजवळून जाते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. वर धो धो पाऊस चालू असताना खाली भरती आली, तर नदीला जायला वाट राहत नाही. पाणी मागे फुगतं आणि बाजारपेठेत शिरतं. नदी तीच, पात्रही तेच. बिघडलेलं असतं ते पुढचं तोंड. 2021 च्या जुलैत दुकानांचे माळे बुडाले ते ज्यांनी पाहिलं, त्यांना फुप्फुसातलं पाणी म्हणजे काय हे मी दोन वाक्यांत सांगू शकते.

हृदयाची डावी बाजू एरवी मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त अंगभर ढकलते. पुढे वाहिन्या आवळलेल्या, मागून अ‍ॅड्रेनॅलिनचा चाबूक. नाडी दीडशेवर, बीपी चढलेलं. काही वेळ हृदय झुंजतं, मग दमतं. रक्त पुढे जात नाही म्हटल्यावर मागे साचतं, आणि हृदयाच्या डाव्या बाजूच्या मागे फुप्फुस आहे. तिथल्या केशवाहिन्यांत रक्ताचा दाब एरवी पाऱ्याच्या 8-10 मिलिमीटरइतकाच असतो. रक्तातली प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन, पाण्याला सुमारे 25 मिलिमीटरच्या जोराने आत धरून ठेवतात, म्हणून फुप्फुस कोरडं राहतं. मागचा दाब 25 च्या वर गेला की ही पकड सुटते आणि पाणी हवेच्या बारीक पिशव्यांत शिरतं. पेशंट झोपू शकत नाही, उठून बसतो, खोकतो, आणि खोकल्याबरोबर गुलाबीसर फेस येतो. तो फेस एकदा पाहिलेली सिस्टर पुढे कधीही गार पायांना "बघू जरा वेळाने" म्हणत नाही.

पूर्वी या अवस्थेतल्या रुग्णांना काय काय दिलं जाई ते आठवलं तर अंगावर काटा येतो. हृदयाला सूज आली असेल म्हणून स्टेरॉइड, हृदय कमजोर म्हणून डिगॉक्सिन, घाम-लाळ थांबावी म्हणून अ‍ॅट्रोपिन. यातल्या अ‍ॅट्रोपिनची मला सर्वात जास्त चीड आहे. घाम-लाळ आणणारी जी यंत्रणा असते, तीच हृदयाला थोडा ब्रेकही लावत असते. अ‍ॅट्रोपिनने लाळ सुकते, चार्ट छान दिसतो, आणि ब्रेक काढलेलं हृदय आणखी उधळतं.

1976 च्या सुमारास डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचवाने दगावणारी माणसं त्यांनी नुसती पाहिली नाहीत, शेजारी बसून दर थोड्या वेळाने नाडी, बीपी, श्वास, हातापायांची ऊब यांची नोंद ठेवली. 1982 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या पूर्वखुणांवरचं त्यांचं टिपण आलं. त्यांना दिसलं ते असं, की हृदय आधी बिघडत नाही. त्याच्यापुढची वाट आधी बंद होते. मग उपाय हृदयाला चाबूक मारण्याचा नाही, वाट उघडण्याचा. प्रॅझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी तेव्हा बाजारात होतीच. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अ‍ॅड्रेनॅलिनची किल्ली फिरते ती जागा 'अल्फा' नावाने ओळखतात. प्रॅझोसिन त्या कुलपात आधीच जाऊन बसतं, किल्ली फिरत नाही, वाहिनी सैल पडते, भरती ओसरते. हे त्यांनी 1986 मध्ये पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. प्रॅझोसिनच्या आधी विष अंगभर भिनलेल्या रुग्णांपैकी शंभरात 25-30 दगावायचे. नंतर हे प्रमाण 1 च्या आसपास आलं. पुढच्या बऱ्याच कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर सहलेखक आहेत. 2022 मध्ये हिम्मतरावांना पद्मश्री मिळाली.

मला या उपचारातलं सर्वात आवडतं ते त्याचं मोजमाप. डोस पुन्हा द्यायचा की थांबायचं हे ठरवायला महागडं यंत्र लागत नाही. पाय गरम झाले का? नसतील तर तीन तासांनी पुढचा डोस. झाले असतील तर वाहिन्या उघडल्या. माझ्या वॉर्डातल्या मावशीसुद्धा फरशी पुसता पुसता पेशंटच्या पायाला हात लावून मला सांगायच्या, "तीन नंबर अजून गारच हाय."

पण गोळी साधी म्हणून तिची देखभाल साधी नाही. नोकरीच्या सुरुवातीला माझ्यासमोर घडलेली गोष्ट. दहा-अकरा वर्षांचा मुलगा, गोळी देऊन तासभर झालेला, पायांत ऊब येऊ लागलेली. त्याला लघवीला न्यायला बापाने खांद्यावर उचललं, आणि दोन पावलांत पोराची मान कलंडली. आम्ही धावलो, आडवा केला, पाय उंच धरले, तसा तो डोळे उघडून बघू लागला. वाहिन्या सैल झालेल्या असताना माणूस उभा केला की रक्त खाली पायांत उतरतं आणि मेंदूला पुरत नाही. पेशंटला उठवायचं नाही, लहान मुलाला तर अजिबात उचलायचं नाही, हे बापाला सांगायचं काम माझं होतं आणि मी सांगितलं नव्हतं. नंतर मी ते खाटेवरच मोठ्या अक्षरांत लिहून लावू लागले. सलाइनचंही तसंच. घाम-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं असतं, म्हणून द्यावं लागतं. पण बाटली मोकळी सोडली तर तेच पाणी फुप्फुसात चढतं. मधली वाट थेंब मोजत काढायची. फेस आलाच तर मोठ्या दवाखान्यात नायट्रोप्रुसाइडचं ड्रिप लावतात. ते उजेडाने बिघडतं, म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळून ठेवायचा.

आता दुसरं औषध, विंचवाची लस असं लोक ज्याला म्हणतात ते. ती लस नव्हे. लस आपल्या शरीराला प्रतिपिंडं बनवायला शिकवते, आणि त्याला दिवस-आठवडे लागतात. विंचू तेवढा वेळ देत नाही. इथे शिकलेला असतो तो घोडा. त्याला विषाचे छोटे छोटे डोस देत गेलं की त्याच्या पांढऱ्या पेशी विषाला नेमकी पकडणारी प्रतिपिंडं बनवतात. त्याच्या रक्तातून ती वेगळी काढून, शुद्ध करून कुप्या भरतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे काम चालतं. थोडक्यात, शिकवण घोड्याची आणि फळ आपल्याला, तेही उसनं. काही दिवसांत संपून जाणारं.

ही प्रतिपिंडं रक्तात मोकळं फिरणारं विष पकडतात. आधीच सांडलेल्या अ‍ॅड्रेनॅलिनला ती काही करू शकत नाहीत. म्हणून उशिरा आलेल्याला त्यांचा उपयोग कमी होत जातो. दोन्ही औषधांची कामं वेगळी: एक नळ बंद करतं, दुसरं सांडलेल्याला वाट करून देतं. बावस्कर दांपत्याने 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दोन्हींची तुलना छापली. 70 रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्रॅझोसिन, निम्म्यांना दोन्ही. 10 तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात 35 पैकी 8, दुसऱ्यात 35 पैकी 32.

घोड्याचं प्रथिन आपल्या शरीराला परकं. प्रतिकारशक्ती कधी कधी त्याच्यावरच बिथरते. पेशींतून हिस्टामिन सुटतं, अंगभर वाहिन्या एकदम सैल पडतात, गांधी उठतात, घसा आवळतो, बीपी कोसळतं. ही अ‍ॅनाफिलॅक्सिस. विंचवाने घडवलं त्याच्या बरोब्बर उलट. आणि तिच्यावरचं औषध कोणतं? अ‍ॅड्रेनॅलिन, मांडीच्या स्नायूत. ज्याच्यापासून रात्रभर पेशंटला वाचवत होतो, त्याचीच कुपी ट्रेमध्ये फोडायला तयार ठेवायची. गंमत म्हणजे विंचवाच्या गंभीर रुग्णात ही बिथरण कमीच पाहायला मिळते, कारण त्याच्या रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन आधीच ओसंडत असतं. तरी ट्रे मी कधी हलवला नाही. घरी सोडताना एवढं सांगायचं, की आठ-पंधरा दिवसांत ताप, सांधेदुखी किंवा अंगावर पुरळ आलं तर या. त्या उसन्या प्रतिपिंडांविरुद्ध शरीराने स्वतःची प्रतिपिंडं बनवली की असं होतं.

मांत्रिकावर मी फार रागावत नाही. त्याच्याकडे विंचू 'उतरतो' हे खरंच आहे, कारण बहुतेक दंश नुसते दुखतात आणि काही तासांनी आपोआप शांत होतात. उगाळलेला चिंचोका लावला तरी उतरतात, न लावला तरी उतरतात. राग येतो तो त्या तीन तासांचा, जे गार पायांचा माणूस त्याच्या ओटीवर घालवतो.

एका मेमधली सात वर्षांची मुलगी मला अजून आठवते. गोधडी अंथरताना हाताला डसलेला. आणली तेव्हा अगदी गप्प, कपाळावर घामाचे थेंब, पाय बर्फ. डॉक्टरांनी गोळी लिहिली, मी भरवली, आडवी ठेवली, आईला उशाशी बसवून सांगितलं, काही झालं तरी उचलायचं नाही. दर अर्ध्या तासाने बीपी, नाडी, पाय. दुसरा डोस गेला. पहाटे चारच्या सुमारास मी टेबलाशी चार्ट भरत होते आणि आत ती एकदम किंचाळली. आई धावत बाहेर आली.

"सिस्टरताई, इख परत चढलं वो! हात दुखतोय म्हणून रडतेय!"

मी आत जाऊन आधी तिच्या तळपायांना हात लावला. गरम होते. गंभीर रुग्ण सावरू लागला की डंखाची हरवलेली वेदना अशी परत येते. मी आईला म्हटलं, "रडू दे गो तिला. आता रडू दे."