फ्लेमिश चित्रातले खेडे: पैसा मात्र शहराचा

फ्लेमिश निसर्गचित्रांतील खेड्याचा इतिहास शोधू लागले की वाट आजच्या बेल्जियममधील अँटवर्प या गजबजलेल्या बंदराकडे वळते. त्याआधी कष्टकऱ्यांना जागा होती ती श्रीमंतांच्या प्रार्थनापोथ्यांतील बारा महिन्यांच्या पानांवर. सोळाव्या शतकाच्या आरंभी अँटवर्पच्या योआखिम पाटिनिरने संतांच्या कथा रंगवताना मागचा देखावा इतका वाढवला की संतच शोधावा लागे. मात्र त्याचे डोंगर, नद्या बहुतांशी कल्पनेतल्याच होत्या.

खरे वळण आले ते १५५९ मध्ये. अँटवर्पचा मुद्राचित्र-प्रकाशक हिएरोनिमस कोक याने शहराभोवतीच्या वाड्या, कुंपणे आणि धुळीच्या रस्त्यांची लहान चित्रे छापून विकली. ती प्रत्यक्ष पाहून काढली आहेत, हे त्याने मुखपृष्ठावरच सांगितले होते. मूळ रेखाटनकाराचे नाव मात्र त्याने छापले नाही.

याच कोकसाठी रेखाटने करणाऱ्या थोरल्या पीटर ब्रॉयगेलने १५६५ मध्ये निकोलास योंगेलिंक या व्यापाऱ्यासाठी ऋतुचक्राची चित्रमालिका रंगवली. तिच्यातील पाच चित्रे आज उरली आहेत. त्यांपैकी न्यूयॉर्कमधील सुगीच्या चित्रात पिवळ्याधमक गव्हाची भिंत उभी आहे, कापणीवाले वाकलेले आहेत आणि नाशपातीच्या झाडाखाली जेवायला बसलेल्यांच्या शेजारी एक गडी पाय फाकून, तोंड उघडे टाकून झोपला आहे. त्याची टिंगलही नाही आणि त्याच्यावर उपदेशही नाही, हे मला या चित्राचे मोठेपण वाटते. पण ही सुगी टांगली गेली धनिकाच्या घरात, आणि पुढच्याच वर्षी योंगेलिंकने एका मित्राच्या मद्यकराच्या थकबाकीसाठी जामीन राहताना ब्रॉयगेलची सोळा चित्रे तारण लावली.

१५८५ मध्ये अँटवर्प स्पॅनिश सैन्याच्या हाती गेले आणि अनेक चित्रकार उत्तरेकडे निघून गेले. तरीही खेड्याची मागणी टिकली. धाकट्या पीटरने वडिलांच्या चित्रांच्या ढीगभर नकला काढल्या. पुढे दाविद तेनीर्सने जत्रा आणि गुत्ते रंगवले.

अँटवर्पचा नामांकित चित्रकार रुबेन्स याने तर १६३५ मध्ये स्टेन ही जहागीरच विकत घेतली. तिच्या परिसराचे त्याने रंगवलेले सकाळचे दृश्य आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे: वाडा एका बाजूला झाडीत, आणि खाली पाय बांधलेले वासरू घेऊन एक गाडी बाजाराकडे निघाली आहे.